अक्षरं चालवणारं कार्ड

आबांना पोथी पाठ होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक मला हटकून विचारतात, "अहो, पाठ होती ना त्यांना? मग एवढा खटाटोप कशाला?" त्या वेळी मीही आबांना तेच विचारत होतो, आणि जरा चढ्या आवाजात विचारत होतो.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव वडगाव रासाई. श्रावणात गावच्या मारुतीच्या देवळात महिनाभर पोथी लागायची. आमच्याकडे पोथीला दोन माणसं लागतात. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो. वाचायचं काम आबांकडे आणि अर्थ सांगायचं मामांकडे. हे मामा आमच्या नात्यातले नव्हेत. गावातले बागायतदार, दूध सोसायटीचे चेअरमन, आणि अख्खं गाव त्यांना मामाच म्हणायचं. आमची मागची पिढी मेंढरं वळणारी. आबा स्वतः लग्न होईपर्यंत कळपामागं फिरलेले, त्यामुळे शाळा अशी नाहीच. अक्षरं ते शिकले एसटीच्या पाट्यांवरून. रस्त्याच्या कडेला मेंढरं थोपवायची, येणाऱ्या गाडीची पाटी वाचायची, आणि गाडी गेली की ती कुठली होती हे चहाच्या टपरीवाल्याला विचारून खात्री करून घ्यायची. अशा माणसाला गावानं पोथी वाचायला बसवलं. आबा ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण श्रावण जवळ आला की धोतरजोडी स्वतः धुवायला घ्यायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत.

मग त्यांचे डोळे गेले. अगदी गेले असंही नाही. दौंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आतल्या पडद्याची मधली जागा निकामी झाली आहे. कडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. चष्म्यानं काही व्हायचं नाही. म्हणजे आबा शेतात जायचे, बांधावरून नीट चालायचे, गोठ्यातली म्हैस सोडायचे. पण ज्या गोष्टीकडे थेट बघतील ती गोष्ट नेमकी पुसली जायची. माणसाचं तोंड बघायला गेलं की तोंड गायब. ओवीतलं जे अक्षर बघावं तेच अक्षर गायब.

त्या वर्षी पोथी सोसायटीच्या सेक्रेटरीनं वाचली. गडी भरभर वाचायचा, मामांना अर्थ सांगायला श्वासाची जागा ठेवायचा नाही. आबा महिनाभर देवळाकडे फिरकले नाहीत. शेवटी मामाच घरी आले.

"आरं, पाठ हाय न्हवं तुला? मग पोथी म्होरं उघडून ठेव आन् म्हण. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," आबा म्हणाले.

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "आबा, शब्द तेच, आवाज तोच. बघून म्हटलं काय आणि न बघता म्हटलं काय, देवाला काय फरक पडतो?"

"काल मेंढरं किती व्हती ते ठावं असतंयच की आपल्याला," आबा म्हणाले. "तरी सकाळच्याला पुन्यांदा मोजायची. कालचा आकडा आज सांगायचा म्हंजी खोटं बोलायचं. पोथी उघडी ठिवून न बघता वाचायची, तेबी तसलंच."

यापुढे कुणाचं काही चाललं नाही. मामा चहा पिऊन गेले. मला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. आबा आता घरात असले की ओसरीच्या कोपऱ्यात बसायचे आणि कुणी आलं-गेलं की मान तिरकी करून बघायचे. माझे वडील असे कोपऱ्यात बसलेले मला बघवत नव्हते. पुढच्या श्रावणात त्यांना पुन्हा देवळात वाचायला बसवायचं, हे मी मनाशी धरून ठेवलं.

मी तेव्हा सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरला होतो. कंपनीनं जुने कॉम्प्युटर विकायला काढले, त्यातला एक मी घेतला. मोबाईलवर आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे, ते दिवस नुकतेच सरले होते. कॉम्प्युटर घेतला म्हटल्यावर गावात मला फार हुशार समजू लागले आणि मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. मी पोथीतली एक ओवी मराठी फॉन्टमध्ये टाइप केली आणि अक्षरं मोठी करून आबांना दाखवली. मॉनिटर चौदा इंची. अक्षर आहे एवढं आबांना कळेल इतकी ती मोठी केली की पडद्यावर एकच शब्द मावायचा. घरात टीव्ही मात्र एकवीस इंची, रंगीत, मागे व्हिडिओचं पिवळं सॉकेट असलेला. कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा तर टीव्ही-आऊटचं ग्राफिक्स कार्ड लागतं, हे कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलं.

पहिलं कार्ड मी शिरूरहून आणलं. दुकानदारानं विचारलं, "कुठली गेम खेळता?" मी म्हटलं, गेम खेळत नाही. मग तो म्हणाला, "म्हणजे पिक्चर बघता." मी म्हटलं, पोथी वाचायची आहे. तो हसला आणि त्याच्याकडचं सगळ्यात नवं कार्ड माझ्या हातात ठेवलं. घरी येऊन कॉम्प्युटर उघडला तर कार्ड कुठेच बसेना. ते ज्या तपकिरी स्लॉटमध्ये बसतं तो स्लॉटच माझ्या जुन्या मदरबोर्डवर नव्हता. नुसते जुन्या पद्धतीचे पांढरे. मी स्टोअरचा माणूस. बोल्ट आणि नट जुळतात का हे बघितल्याशिवाय माल आत घेत नाही, आणि स्वतःच्या घरी हे असं. दुसऱ्या दिवशी शिरूरला जाऊन दुकानदाराशी कचाकचा भांडलो. चूक निम्मी माझीच होती, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढला. त्यानं कार्ड परत घेतलं.

घरी आलो तर आबा वाटच बघत होते.

"वाचायचं मी, आन् बघून आणणार तू?" ते म्हणाले. "जनावर ज्याला राखायचंय त्यानं बाजारात जावं. आता मी येतो."

"आबा, त्यात बघण्यासारखं काही नसतं. हिरवी पट्टी असते एक."

"मग हिरवी पट्टी बघू."

एका रविवारी आम्ही दौंडला गेलो, मोटारसायकलवर. दुकान पहिल्या मजल्यावर. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत शिरायचं म्हणजे देवळात शिरल्यासारखं, चपला बाहेर काढायच्या. आम्ही काढल्या. दुकानदार माझ्याहून लहान, पोरगेलासा, पण बोलायला नम्र. त्यानंही गेमचं विचारलंच. मी तोंड उघडायच्या आत आबांनी त्याला सगळं सांगितलं: डोळ्याचं, देवळाचं, सेक्रेटरीच्या वाचण्याचंसुद्धा. पोरगा हसला नाही. माझ्या मदरबोर्डवरचे स्लॉट कसले ते त्यानं नीट विचारून घेतलं आणि पांढऱ्या स्लॉटला बसतील अशी दोन कार्डं कपाटातून काढली. एक नव्यातलं, मेमरी जास्त. दुसरं जुनं, डब्याचे कोपरे दबलेलं.

पहिलं कार्ड त्यानं दुकानातल्याच कॉम्प्युटरमध्ये बसवलं आणि त्याची वायर दुकानातल्या टीव्हीला जोडली. आधी चित्र काळंपांढरं आलं आणि पडद्यावरून वरवर सरकत राहिलं. पोरानं कुठंतरी आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत निवडली आणि रंग आला. मी घरून फ्लॉपीवर आणलेली ओवी उघडली. अक्षरं चांगली ठसठशीत होती. मी आबांकडे बघितलं.

आबा बघत होते. मान डावीकडे, मग उजवीकडे, मग खाली. "अक्षर हाय एवढं कळतंय," ते म्हणाले. "पर धरायला गेलं की निसटतंय. आन् एक धरलं की बाकीची वळ हारवतीया."

मी अक्षरं आणखी मोठी केली. मग आणखी मोठी. आता पडद्यावर दोनच अक्षरं मावत होती आणि आबा तरीही मान हलवत होते. म्हणजे कार्ड कुठलंही आणलं तरी उपयोग नव्हता. आजवर मी हे आपल्या मनाशीसुद्धा म्हटलं नव्हतं, ते त्या दुकानात पहिल्यांदा म्हटलं. आणि मला भीती वाटली की राग येतो; मी त्या पोरावर घसरलो. पडदा लुकलुकतोय म्हटलं, कडा फुटतायत म्हटलं, असलं कार्ड काय चाटायचंय म्हटलं. तो बिचारा सांगत होता, की टीव्हीवर अक्षरं एवढीच येणार, टीव्ही हा मॉनिटर नव्हे. आम्ही दोघं वाद घालत राहिलो आणि माऊसला बराच वेळ कुणाचा हात लागला नाही.

तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. पोथी वाचतानाचा, खणखणीत.

"चपला… बाहेर… काढाव्यात."

आम्ही वळून बघितलं. कॉम्प्युटर रिकामा पडला म्हणून त्याचा स्क्रीनसेव्हर सुरू झाला होता. दुकानदारानं गिऱ्हाइकांसाठी त्यात सूचना घालून ठेवली होती. काळ्या पडद्यावर एकच ओळ, मोठी, पांढरी, उजवीकडून येऊन डावीकडे जात होती.

"काढल्यात की," आबा म्हणाले.

पोरगा इतका चकित झाला, की त्यानं सवयीनं माऊस हलवला आणि ओळ नाहीशी झाली. "आरं, घालवलीस कशाला? परत आण ती!" आबा ओरडले. मग आम्ही तिघं हाताची घडी घालून, कशालाही न शिवता, ती ओळ परत यायची वाट बघत उभे राहिलो. ती आली. आबांनी पुन्हा वाचली. पाठ होण्यासारखीच होती म्हणून मी पोराच्या कानात सांगून मजकूर बदलायला लावला. त्यानं त्याच्या मनानं काहीतरी लिहिलं. 'दौंड पाटस वरवंड यवत' अशी गावं होती. आबांनी एकेक गाव वाचलं, पाटी वाचावी तसं. मी उगाच खिडकीतून खाली लावलेली मोटारसायकल बघत राहिलो.

मग खरी निवड सुरू झाली. आबा खुर्ची ओढून बसले. पहिल्या कार्डावर ओळ चालवून झाली, मग पोरानं कार्ड बदललं आणि तीच ओळ जुन्या कार्डावर चालवली. माझ्या डोळ्यांना पहिलंच बरं दिसत होतं, अक्षरं कशी कोरल्यासारखी. जुन्यावर ती जरा पुसट, कडा मऊ. आबांनी दोन्ही दोनदा बघितली.

"पैलं दिसायला देखणं हाय," ते म्हणाले, "पर चालताना मागल्या पायानं लंगडतंय. मधीच गचका खातंय. दुसरं बघ, सरळ चालतंय."

मी निरखून बघितलं तेव्हा दिसलं. पहिल्या कार्डावर ओळ सरकताना अक्षर क्षणभर मधोमध फाटायचं आणि पुढे उडी मारायचं. जुन्यावर एका चालीनं जात होतं.

"काका, ह्याला मेमरी निम्मी आहे," पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला.

"असू दे," आबा म्हणाले. "माझ्याकडं हाय तेवढी."

जुनं कार्ड घेतलं. निघताना पोरानं मला आणखी एक गोष्ट दाखवली: ब्राउझरच्या पानात एक छोटी खूण घातली की हवी ती ओळ हव्या त्या वेगानं चालवता येते. स्क्रीनसेव्हरमध्ये अख्खा अध्याय कुठून मावणार? वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी आबांना विचारलं, थांबलेलं अक्षर दिसत नाही आणि चालतं कसं दिसतं?

"मेंढरामागं नजर पळवून मोजता येत न्हाई," आबा म्हणाले. "मेंढरं कोंडायच्या वाड्याच्या तोंडाशी हुबं ऱ्हायाचं. नजर एका जागी. ती आपसूक म्होरनं जात्यात. मला आता मधलं दिसत न्हाई, तर मी नजर जरा कडंला बांधली. आलं अक्षर, गेलं अक्षर."

श्रावणाला अजून दीड-दोन महिने होते. रोज कंपनीतून आलो की बायको पोथी वाचायची आणि मी टाइप करायचो. एकेका ओवीचं एकेक पान. आबा शेजारी बसून चुका काढायचे, म्हणजे पाठ असल्याचा एवढा उपयोग झाला. बायको एकदा वैतागून म्हणाली, "मामंजी, मी बघून वाचतेय आणि तुम्ही न बघता चुका काढताय." आबा खूश झाले.

अडचण उरली लाईटची. आमच्याकडे भारनियमन असं, की संध्याकाळी पोथीच्या वेळेला हमखास अंधार. मी इन्व्हर्टरची चौकशी करत होतो, तोवर मामांनी परस्पर देवळात जाहीर करून टाकलं, की यंदापासून पोथी दुपारी. कारण काय, तर म्हणे संध्याकाळी बायकांची स्वयंपाकाची धांदल होते. इतकी वर्षं मामांना ही धांदल दिसली नव्हती. आबांचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही टीव्ही आणि कॉम्प्युटर बैलगाडीतून देवळात नेला, खाली गोधड्या घालून. चौरंगावर लाल कापडातली पोथी उघडून ठेवली, तिच्या शेजारी टेबलावर टीव्ही, तोंड आबांकडे. बायका पोथीला हळदकुंकू लावून टीव्हीकडे वळल्या. "काचेला नको! वर लावा, वर!" मी ओरडत होतो. तरी एकीनं काचेच्या कोपऱ्यावर लावलंच. आबा म्हणाले, ऱ्हाऊ दे.

आबांनी वाचायला सुरुवात केली. मी खाली बसून होतो. एक ओवी चालून गेली की मामा अर्थ सांगायचे, मामांचं संपलं की मी कळ दाबून पुढची सोडायचो. दोन वर्षांनी तो आवाज देवळात घुमत होता. कुणी कुजबुजत नव्हतं. मला आनंद एवढा झाला होता, की दोनदा कळ दाबायला विसरलो.

अध्याय अर्ध्यावर आला आणि लाईट गेली. वेळापत्रकात नसताना गेली. टीव्हीचा पडदा मध्यावर मिटून काळा झाला. ओवी निम्मी झालेली. आबा त्या शब्दावर थांबले.

पुढचे शब्द देवळातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होते. आबांना तर झोपेतून उठवलं तरी आले असते. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते गप्प. मागून एका म्हातारीनं पुढचा शब्द हळूच पुटपुटला. मामांनी हात वर करून तिला थांबवलं.

"जेवढं वाचलंय तेवढ्याचा अर्थ सांगतो," मामा म्हणाले.

आणि मामांनी अर्ध्या ओवीचा अर्थ सांगायला घेतला. अर्ध्या ओवीत अर्थ तो कितीसा असणार? तो संपल्यावर त्यांनी भक्तीचे प्रकार सांगितले, तेही संपल्यावर एक दृष्टान्त, मग दुधात पाणी घालणाऱ्या माणसाचा दृष्टान्त, तो सांगताना सोसायटीच्या दोघातिघांकडे रोखून बघितलं. मग ऊस, मग जावई. लोक हसले. लाईट येत नव्हती. मामांचा घसा बसत चालला, कुणीतरी तांब्या दिला, एक घोट घेऊन ते पुन्हा त्याच अर्ध्या ओवीवर आले. आबा मांडी न मोडता, काळ्या पडद्याकडे तोंड करून बसले होते.

लाईट आली तेव्हा कॉम्प्युटर, अवेळी बंद पडला म्हणून, आधी स्वतःचीच तपासणी करत बसला. मी मामांकडे बघून हात जोडले. मामांनी एक सुस्कारा सोडला आणि दुसऱ्या जावयाची गोष्ट काढली.

शेवटी पान उघडलं. ओवी पहिल्यापासून चालू लागली, कारण मधूनच सुरू करायची सोय मला जमलेली नव्हती. वाचून झालेली अक्षरं पुढून जाऊ लागली. आबांनी ती मुकाट्यानं जाऊ दिली. जिथं थांबले होते तो शब्द गेला आणि त्याच्या पुढच्या अक्षराला त्यांनी आवाज दिला. अध्याय पुरा झाला, आरती झाली.

घरी जाताना आबा माझ्या खांद्याला धरून चालत होते. त्यांनी विचारलं, "लाईट गेल्यावर उठून गेलं का रं कुणी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना समोर बसलेल्यांची तोंडं दिसत नव्हती. तेवढा वेळ ते काळ्या पडद्यापुढे, समोर कोण उरलंय हे न कळता बसले होते.

"नाही, आबा," मी म्हटलं. "कुणीच गेलं नाही."

"मोजलीस?"

"मोजली नाहीत, पण मी तिथंच होतो की."

"मग कशावरनं सांगतोस?"

मला रागच आला. एवढा आटापिटा करून वर हे.

दुसऱ्या दिवशी पोथी सुरू व्हायच्या आधी मी देवळाच्या दाराशी उभा राहिलो. आत येणारा एकेक माणूस मोजला. त्या दिवशीही लाईट मध्येच गेली, आबा पुन्हा शब्दावर थांबले आणि मामा पुन्हा जावयापर्यंत पोचले. आरती झाल्यावर वायरी तशाच टाकून मी आधी दारात जाऊन उभा राहिलो. नजर एका जागी ठेवली आणि बाहेर पडणारी माणसं मोजली.

वाटेत आबांनी विचारायच्या आत मी सांगितलं, "आबा, आज मोजली. जेवढी आत गेली, तेवढीच बाहेर आली."

"आता कसं," आबा म्हणाले.